मोर्णेकाठची रिकामी जागा

अमरावतीच्या कॉलेजात आम्हाला बंद पडलेल्या जुन्या बंदरांचे किनारे पुन्हा वापरात कसे आणतात, ते शिकवलं. समुद्र मी पाहिला नव्हता. पण अकोल्यात मोर्णा नदीच्या काठी कापसाच्या गाठींची दगडी गोदामं ओस पडली होती, ती मला ठाऊक होती. ओस म्हणजे कागदावर. त्यांच्या छपराखाली माझी आत्या आणि चार-पाच माळणी भाजी विकायच्या. त्या भाजीवरच आत्यानं मला शिकवलं. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली.

नगररचनेच्या ऑफिसात नोकरी लागली आणि त्याच गोदामांचं आवार सुधारायचं काम आमच्याकडे आलं. छपराखाली ओटे बांधून भाजीवाल्यांना पक्की जागा द्यावी, असं मी साहेबांना सुचवलं. ते म्हणाले, "पाहणीत बसलेल्या दिसल्या तर देऊ." मी आत्याला निरोप दिला, "साहेब येताहेत. रोजच्यासारख्या बसा."

आम्ही पोचलो तेव्हा छपराखाली सडा घातलेला होता, रांगोळी होती. एकही पाटी नाही, पोतं नाही. माळणी धुतलेली लुगडी नेसून हार घेऊन उभ्या.

"आत्या, भाजी कुठंय?"

"पोरीचे साहेब येऊन राहिले अन् आमी पसारा मांडून बसाव?"

दुसरी म्हणाली, "तुह्या आत्यानं पहाटपासून झाडायले लावलं आमाले. सासूनं बी एवढं नाही राबवलं."

सगळ्या हसल्या. साहेबांनी हार घेतला, फोटो काढले. फोटोत जागा रिकामी होती.

उद्या पुन्हा येऊ, म्हणून मी तिथंच विनवलं; साहेबांना वेळ नव्हता. नंतर त्या भाजी मांडून बसल्या असताना मी स्वतः काढलेले फोटोही दाखवले. साहेब म्हणाले, "तुमच्या नात्यातल्या आहेत ना? मग हे फोटो चालायचे नाहीत."

आता तिथं दिवे आहेत, बाकडी आहेत, कॉफीचं दुकान आहे. फाटकावरचा चौकीदार भाजीची पाटी आत नेऊ देत नाही.

ओट्यांशिवायचा नकाशा मंजूर झाला होता, त्या संध्याकाळी मी आत्याकडे गेले. ती मेथी निवडत होती. सगळं ऐकून घेतलं तिनं.

"झाडलं नसतं तं जमलं असतं काय?"

मी तिच्यासमोरची एक जुडी ओढून निवडायला घेतली.

"तुले तं नाही काढलं ना कामावरून?"

"नाही."

"मंग झालं."

हल्ली ती डोक्यावर पाटी घेऊन जठारपेठेत दारोदार फिरते. गुडघे धरले की कुणाच्या तरी पायरीवर टेकते. तिथूनही उठवतात.