सात नंबरची घंटी

लोक विचारतात, सेफ्टीच्या लाइनीत कसे शिरलात? मी सांगतो, नोकरी मिळाली म्हणून. साफ खोटं.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी बालाघाटला, लामत्याच्या रस्त्यावरच्या एका लहान मँगनीज खाणीत इलेक्ट्रिकल इंजिनियर म्हणून लागलो. माणसं पिंजऱ्यातून खाली उतरत. वर यायचं असलं की खालचा माणूस बटण दाबी, इंजिनघरात त्या लेव्हलची घंटी वाजे, आणि पिंजरा चालवणारे काका पिंजरा सोडत. सात नंबरची लेव्हल सगळ्यांत खालची. एक माणूस तिथं दगडाखाली सापडून गेला, तेव्हापासून तिथलं काम बंद होतं.

तरी रोज दुपारी अडीचच्या सुमारास सात नंबरची घंटी वाजायची. दोनदा. काका मान वर न करता म्हणत, "झाला त्याचा टैम." मग रिकाम्या पिंजऱ्यात खर्ऱ्याची, म्हणजे घोटलेल्या सुपारी-तंबाखूची, पुडी ठेवायची, पिंजरा सातवर सोडायचा, जरा थांबायचं, वर ओढायचा. पुडी कधी परत यायची, कधी नाही. नाही आली तर कोणी बोलत नसे.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या अंगावर सरसरून काटा आला, आणि त्याचाच मला राग आला. च्यायला, शिकलेला माणूस मी!

"काका, घंटीच्या खालच्या डब्यात ओल आली असेल, तारा भिडत असतील. बाकी काही नाही."

"हौ, असंन. पन बोलावलं तं जा लागते ना, साहेब. तुमाले काहून तरास होऊन राह्यला?"

त्रास होताच. खोटी घंटी म्हणजे माझ्या कामाची बेअब्रू. खाली जाऊन डबा उघडून बघायला हवा होता. गेलो नाही. खरं सांगतो, भीती वाटली. एका सकाळी काका यायच्या आत सात नंबरची तार वरच सोडवली, टोकाला टेप गुंडाळली, आणि रजिस्टरात लिहिलं नाही की कोणाला सांगितलं नाही. काका नको म्हणाले असते.

त्याच दुपारी मी चहा पीत होतो. मुकादम सहज बोलला, की पंपवाला सहावरून शिडीनं सातवर उतरलाय, पाणी किती चढलं ते बघायला, अन् अजून वर आला नाही.

मी धावलो.  डोळ्यांसमोर एकच होतं. अंधारात एक माणूस बटण दाबतोय, दाबतोय, आणि वर सगळं शांत.

पोचलो तर इंजिनघरात दोर गुंडाळणारा ड्रम फिरत होता. पिंजरा वर येत होता. दार उघडलं, आत पंपवाला बसलेला, छातीपर्यंत ओला, थरथरत. शिडीचे दांडे कुजलेले होते, उतरतानाच तुटले होते. "किती दाबली मी घंटी, किती दाबली," एवढंच म्हणत होता. मुठीत खर्ऱ्याची पुडी घट्ट धरलेली.

मी काकांना विचारलं, "घंटी वाजली?"

"नाई वाजली."

"मग पिंजरा कसा सोडला?"

"पावने तीन झाले, अन् त्यानं बोलावलंच नाई. इतक्या वर्सात असं कधी झालं नाई. म्हनलं, खाली काहीतरी बिघडलं. म्हून सोडला."

तार मी तोडली हे तिथंच सगळ्यांसमोर सांगितलं. काका फक्त म्हणाले, "जोडून द्या."

पुढे नागपूर, पुणे, मोठमोठे कारखाने. यंत्रं माणसाला मारणार नाहीत हे बघणं हाच माझा धंदा झाला. कोणतंही डिझाइन समोर आलं की मी आधी विचारतो, ही तार तुटली तर वर कळणार कसं? नवे इंजिनियर कंटाळतात. कंटाळू देत.

पण एक गोष्ट मी कुठल्याच रिपोर्टात लिहिली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी, पिंजरा किती वाजता वर ओढायचा ते काकांना सांगून, मी स्वतः सातवर उतरलो. रात्रभर पंप चालून पाणी उतरलं होतं, पण भिंतींतून अजून झिरपत होतं. घंटीचा डबा उघडला. आतून कोरडा ठणठणीत. तारा एकमेकींपासून बोटभर लांब, बटण शाबूत. मी डबा लावला, वर आलो, तार जोडली.

अडीचला घंटी वाजली. दोनदा.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. त्या दिवशी पुडी मी ठेवली.