आधी बैल धरायचे

बर्फ बघायला जायची कल्पना माझ्या नवऱ्याची. तो बेळगावच्या खासबागेतला, पिढ्यान्‌पिढ्या शहरात राहिलेल्या घरातला. थंडी वाजवून घ्यायला मुद्दाम हिमाचलापर्यंत जावं लागतं असं त्याला मनापासून वाटतं. हिंडलग्याला माझ्या माहेरी डिसेंबरात पहाटे शेकोटीपासून कुणी हलत नाही, हे मी त्याला सांगायचं आता सोडून दिलंय.

आप्पांना बरोबर न्यायचं मात्र वहिनीनं ठरवलं. "न्या त्यास्नी कुठं तरी," ती मला म्हणाली. "दिवसभर गोठ्याकडं पाठ करून बसत्यात. मला बघवत न्हाय."

आप्पा म्हणजे माझे वडील. दोन पावसाळ्यांपूर्वी माझा थोरला भाऊ, आमचा अण्णा, शेतातच गेला. तेव्हापासून आप्पांनी त्याचं नाव घेतलेलं नाही. ते रडलेसुद्धा नाहीत. तेरावं झालं आणि त्यांनी बैलजोडी सदलग्याला आत्याकडं पाठवून दिली, गोठा झाडून घेतला आणि गप्प झाले. चहात साखर कमी पडली तरी अख्खं घर डोक्यावर घेणारा माणूस, आता समोर येईल ते पितो. आम्हाला ते भांडत होते तेच बरं होतं. निघताना नवऱ्यानं त्यांना थंडीच्या कपड्यांची यादीच वाचून दाखवली, तरी आप्पांनी एका शब्दानं त्याची चेष्टा केली नाही.

तिथं भाड्याचे जाड डगले चढवून आम्ही तिघं बर्फात उतरलो. आप्पांनी डगल्यावरूनही खांद्यावर टॉवेल टाकलाच. पर्यटकांच्या मैदानावर जत्रेसारखी गर्दी होती. म्हणून गाडीच्या ड्रायव्हरनं सांगितलं, जरा पुढं चला, तिकडं गावची माणसं एक वेगळाच खेळ खेळतात.

पुढं एक सपाट रान होतं, सगळं पांढरं. एका टोकाला काळाभोर केसाळ याक उभा. त्याच्यामागं लांब दोर, आणि तो दोर हातात धरून पायांना लांब फळ्या बांधलेला एक माणूस. दुसऱ्या टोकाला एक जण खाद्याची बादली घेऊन उभा होता. त्यानं बादली खडखडवली की याक तिकडं सुटायचा आणि मागचा माणूस फळ्यांवर उभ्यानं बर्फातून ओढला जायचा. दोन्ही बाजूंना माणसं ओरडत होती. नवरा मोबाइल काढून म्हणाला, असलं कधी बघितलं नव्हतं बुवा.

आम्ही बघितलं होतं. आमच्याकडं त्याला गुठ्ठा म्हणतात.

भाताचं रोप लावायच्या आधी चिखलात जाड फळी फिरवून रान सारखं करतात. फळीला बैल जुंपायचे आणि वजन म्हणून माणसानं तिच्यावर उभं राहायचं. खरं तर हे शेतातलं काम. पण बैल तरणे असले आणि बांधावर बघणारे जमले की त्याची शर्यत व्हायला वेळ लागत नाही. अण्णा बेळगावात कारखान्यात कामाला होता, पण पावसाळ्यात रजा टाकून गुठ्ठ्यावर चढायचाच. फळी भरधाव निघाली, दोन्ही हात गुंतलेले, तरी मान झटकून कपाळावरचे केस मागं टाकायचा. मी त्याला चिडवायचे, इथं कोण तुझा फोटो काढतंय म्हणून.

ह्या खेळात समोरच्या बांधावर घरच्या कुणाला तरी उभं राहावं लागतं. हात पसरून तो बैलांना हाक मारतो आणि बैल त्या आवाजाकडं धावत येतात. त्याचं काम एकच, आधी बैल धरायचे. फळीवरचा पडला तर त्याच्याकडं बघायचं नाही. तो चिखल थुंकत हसत आपला आपण उठतो. बैल मात्र धरले नाहीत तर बांधावर चढून माणसांत घुसतात. आमच्या घरात हे काम कायम आप्पांचं.

त्या दिवशी अण्णा बांध अगदी जवळ आल्यावर पडला. तोंडावर, चिखलात. सगळे हसले, अशा वेळी हसतातच. आप्पांनी बैल धरले, त्यांना थोपटलं, सोडवून बाजूला नेलं. मग मागं वळून बघितलं. अण्णा उठला नव्हता.

पडतापडताच हृदय बंद पडलं, कुणी काहीही केलं असतं तरी उपयोग नव्हता, असं डॉक्टरांनी आप्पांना समोर बसवून सांगितलं. पुन्हा सांगितलं. आप्पांनी मान हलवली.

म्हणून तो याक बघितल्याबरोबर मी नवऱ्याला खूण केली आणि आप्पांना म्हटलं, चला, चहा घेऊ. पण आप्पा माझ्या शेजारी नव्हतेच. ते याकाजवळ पोचले होते. गळ्याखालच्या केसांत हात घालून दोर कुठं काचतोय का ते चाचपत होते. त्याच्याशी काहीतरी बोलतही होते. अण्णा गेल्यापासून त्यांनी जनावराला हात लावला नव्हता. मला वाटलं, सुटले एकदाचे. मी खुळी, मला आनंद झाला.

मग ते चालत रानाच्या दुसऱ्या टोकाला गेले आणि बादलीसाठी हात पुढं केला. बादलीवाल्यानं हसत दिली. आप्पा पाय फाकवून बांधावर उभं राहावं तसे उभे राहिले. बादली खडखडवली नाही. त्यांनी हाक मारली, "ये रं माझ्या राजा, ये." ती हाक मी लहानपणापासून ऐकत आले होते. याक सुटला.

फळ्यांवरचा माणूस तिशीचा असेल. चांगला तोल सांभाळून येत होता. आप्पांच्या जवळ आल्यावर दोराला हिसका बसला आणि तो तोंडावर बर्फात गेला. इथंही सगळे हसले.

आप्पांनी बादली टाकली. याक त्यांच्या बाजूनं निघून थेट माणसांत शिरला. आरडाओरडा झाला, चहावाल्याचं बाकडं उलटं झालं. आप्पांनी तिकडं बघितलंही नाही. ते त्या माणसाजवळ गुडघ्यावर बसले, त्याला उताणं केलं आणि खांद्यावरच्या टॉवेलनं त्याचं तोंड पुसू लागले. नाक पुसलं. ओठांत बोट घालून बर्फ काढला. "ऊठ रं," ते म्हणत होते. "ऊठ, ऊठ."

तो माणूस हसतच होता. मग त्याला आप्पांचा चेहरा दिसला आणि त्याचं हसू गेलं. तो उठून बसला. मला काही लागलं नाही, असं हिंदीत सांगत त्यानं आप्पांचे हात धरले. आप्पा त्याच्याकडं बघत राहिले. मग माझ्याकडं वळले.

"हे उठलं गं," ते म्हणाले.

आणि माझा बाप तिथं, त्या परक्या रानात, लोकांसमोर मोठ्यानं रडला. मी त्यांना धरून बसले.

याकाचा मालक संतापून आला होता, आणि त्याचं बरोबरच होतं. नवऱ्यानं त्याची माफी मागितली आणि स्वतः याकामागं पळाला. रस्त्यात गाय दिसली तर पलीकडच्या बाजूनं जाणारा हा माणूस, त्या दिवशी जनावराचा दोर धरून परत आला. त्याबद्दल मी त्याला अजून चिडवलेलं नाही.

गाडीत बसल्यावर आप्पांनी खिडकीकडं तोंड केलं. ओला टॉवेल मांडीवर होता.

"मी आधी बैल धरलो," ते म्हणाले.

मी म्हटलं, आप्पा, तुमच्या जागी कुणीही तेच केलं असतं. आणि डॉक्टरांनी सांगितलंय ना तुम्हाला.

"व्हय. सांगितलाय की. काय बी उपेग झाला नसता." त्यांनी टॉवेलाची घडी घातली, पुन्हा मोडली. "पन त्याच्या तोंडात चिखल होता गं. तेवढा तरी आधी पुसायचा होता."

ओला टॉवेल तरी घ्यावा म्हणून मी हात पुढं केला. त्यांनी दिला नाही.