क्रीम रंगाचा कोट
सुके बोंबील तव्यावर टाकले की मला तो क्रीम रंगाचा कोट आठवतो. नात तेव्हा इथे लीड्सला युनिव्हर्सिटीत होती. मुलींच्या एका क्लबने पहिल्या वर्षी तिला घेतलं नाही, का, तर म्हणे तिच्या कोटाला स्वयंपाकाचा वास येतो. म्हणणारी क्लबची प्रमुख. दुसऱ्या वर्षी पोरगी पुन्हा तयारीला लागली आणि निवडीच्या दिवशी त्या प्रमुखबाईंनाच खूश करायला चहाला माझ्या घरी बोलावलं. "गिव्ह मी द कोट, डिअर," म्हणत मी बाईंचा क्रीम रंगाचा कोट स्वयंपाकघरात टांगला आणि बोंबील भाजायला घेतले. "आजी, विंडो उघड ना," नात कुजबुजली. "थंडी आहे गं बाहेर," मी म्हटलं. संध्याकाळी क्लबात प्रमुखबाईंच्या शेजारी कुणी बसेना. नातीला मात्र घेतलं. आता नात माझ्याकडे येताना स्वतःचा कोट गाडीतच ठेवते. आजही ठेवलाय. गाडीची किल्ली टेबलावर आहे, आणि बोंबील अजून बरेच आहेत.