शेजारणीच्या घरातला माझा धंदा

सरकारी योजनेतून कर्ज हवं असेल तर माणूस गरजू दिसावा लागतो, आणि आमच्या घरात पाहुण्यासमोर गरजू दिसायची पद्धत नाही.

मोताळ्यात माझा घरगुती मसाल्याचा धंदा आहे. मिरची-हळद दळायला गिरणीवाल्याच्या मर्जीवर अवलंबून राहायचं किती दिवस? म्हणून स्वतःच्या कांडप यंत्रासाठी बँकेत अर्ज केला. चौदा कागद, प्रत्येकाच्या तीन झेरॉक्स, पुढे अनुक्रमणिका. (बँकेतल्या बाईंनी विचारलं, "तुम्ही शिक्षिका का?" मी आठवडाभर फुगलेली होते.) उरली होती फक्त जागेची पाहणी.

त्यासाठी बँकेचे साहेब गुरुवारी येणार होते. मी बुधवारी यादी केली: जाळी काढणे, ओसरी धुणे, पसारा हलवणे. मिरच्यांची पोती, वजनकाटा, पाकिटं चिकटवायचं मशीन, सगळं शेजारच्या मंगलाकडे नेऊन टाकलं. घर कसं आरशासारखं झालं!

साहेबांनी चारी बाजूंना पाहिलं. "ताई, धंदा कुठे आहे?"

"शेजारी!" मी अभिमानाने म्हणाले. "इथे पसारा नको म्हणून."

साहेबांचा पेन थांबला. तेवढ्यात सासूबाई शिऱ्याची ताटली घेऊन आल्या. "घ्या साहेब, घरच्या म्हशीचं तूप हाये. आमाले कायचीच कमी नाही पाहा!"

"आई!" मी डोळे मोठे केले.

"डोळे काऊन वटारून राह्यली? खोटं बोलून राह्यली का मी? साहेब, आमच्या घराण्यात कोणी कोणाले रुपया मांगतला नाही!"

साहेबांनी तेही लिहून घेतलं. मी आशेने नवऱ्याकडे पाहिलं.

"धंदा कायचा जी," हे लाजून म्हणाले, "हिले आपली हौस हाये. मशीनचे पैसे तं मीच देतो म्हटलं होतं."

(कधी? मी सगळ्याची नोंद ठेवते. ही नोंद कुठेही नाही!)

मी साहेबांना जवळजवळ ओढतच मंगलाकडे नेलं. तिच्या पलंगावर पोती, चुलीशेजारी वजनकाटा आणि मधोमध नाकाला पदर लावून शिंकणारी मंगला. साहेबांचा चेहरा खुलला. "हा खरा धंदा!"

"साहेब, हा माझा आहे!"

"पण घर यांचं ना? मोबाइलच्या फोटोवर जागेचा ठावठिकाणा आपोआप उमटतो, ताई."

मंगला पुढे सरसावली. "साहेब, मले भेटन का असं कर्ज? लय गरज हाये जी. घरात पाय ठेवाले जागा नाही, पाहा!"

(ती जागा माझ्याच पोत्यांनी अडवली होती.)

"काऊन नाही? अर्ज करा की," साहेब तिच्याच भाषेत म्हणाले. माझ्याशी मात्र शेवटपर्यंत पुस्तकी बोलले.

माझा अर्ज परत आला. शेरा होता, 'नमूद जागेवर व्यवसाय आढळला नाही.' मंगलाचं कांडप यंत्र दोन महिन्यांत आलं, आणि त्याचं पहिलं गिऱ्हाईक मीच.

तिचा अर्जही मीच भरून दिला होता. त्यात बँकेला एकही चूक सापडली नाही!