गोधडीची खालची बाजू

नातू झाला तेव्हा पेढे आम्ही वाटले, पण नातू होता पूनम सागर कॉम्प्लेक्समध्ये, विहीणबाईंच्या घरी. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीतच आहे. माझंही तसंच झालं होतं. पण आमच्या सिल्व्हर पार्कपासून रिक्षाने दहा मिनिटांवर नातू असावा आणि त्याला बघायला आपण आधी फोन करून, विचारून जावं, याने माझा नुसता जीव जळायचा. गेलं की विहीणबाई दारातच म्हणायच्या, "हळू हां ताई, आत्ताच झोपलाय." कधीही जा, आत्ताच झोपलाय! न्हाऊमाखू त्यांचं, शेकशेगडी त्यांची, उचकी लागली की काय करायचं ते ज्ञानही त्यांचंच. मी आपली पाहुणी. चहा प्यायचा आणि निघायचं.

मग मी ठरवलं, बारशाला पाळण्यात गोधडी पडेल ती माझीच.

वरची बाजू मी हाताने जोडली. माझ्या ऑफिसच्या साड्यांचे तुकडे, मधेमधे मुलाच्या लहानपणीच्या शर्टांचे. दिसायला अशी झाली की माझीच तिला दृष्ट लागेल. पण पुढे धावदोरा घालायला उजवा अंगठा तयार होईना, सुजून टम्म. म्हणून भाईंदरला एका गाळ्यात रजया शिवायचं मोठं मशीन आहे, तिथे गेले. तिथल्या माणसाने बजावलं, "आंटी, सब सिलाई प्रेस करके लाना, धागे काट के. पिन एक भी नहीं. और नीचे का कपड़ा चारों तरफ से चार उंगली बड़ा रखना, मशीन वहीं से पकड़ता है."

इस्त्री केली, लोंबते दोरे कापले, टाचण्या काढल्या. अडलं ते खालच्या कापडावर. तान्ह्याच्या अंगाला नवं कापड लावत नाहीत, टोचतं. घरातल्या बाईची वापरून मऊ झालेली सुती साडीच हवी. कपाट उघडलं तर सगळं सिंथेटिक! नोकरीवाल्या बाईला इस्त्री न लागणारी साडी बरी पडते, त्याचं हे फळ. त्यातलीच एक घेऊन गेले, तर त्या माणसाने बोटांत चोळून परत दिली. "ये फिसलेगा, आंटी."

मी घरी येऊन चरफडले, ते आमच्या चिरंजिवांनी ऐकलं आणि लगेच बायकोला सांगितलं. पोटात काही राहील तर शप्पथ! दुसऱ्या दिवशी हा हसत पिशवी घेऊन हजर. आत विहीणबाईंची साडी, पांढऱ्यावर निळी बुट्टी, धुऊन धुऊन लोण्यासारखी झालेली. परत पाठव म्हणणार होते. पण हात लावला आणि मेला तो काढवेना. बाळासाठी याहून चांगलं कापड मला मिळणार नव्हतं.

जमिनीवर ती साडी अंथरली, तिच्यावर आतले थर, सगळ्यात वर माझी बाजू. चार बोटं जास्तीची ठेवल्यामुळे माझ्या गोधडीच्या चारी बाजूंनी विहीणबाई डोकावत होत्याच. मशीनवरून शिवून आल्यावर ती जास्तीची कड मी कात्रीने कराकरा कापली आणि माझ्या साडीच्या काठाची पट्टी लावून टाकली. बरं वाटलं.

बारसं हल्ली हॉल मिळेल तेव्हा असतं, तसं आमचंही तिसऱ्या महिन्यात झालं. दुसऱ्याच दिवशी सून आणि बाळ आमच्याकडे येणार होते. गोधडी बघून बायका "अगंबाई, किती सुंदर!" म्हणाल्या. मी फुगले. बाळाला वर ठेवलं आणि त्याने जो टाहो फोडला! लालेलाल झाला. माझ्या नणंदेने त्याला उचललं, गोधडी उलटी केली, "जोड टोचत असतील गं," म्हणाली आणि बुट्ट्यांवर निजवलं. दोन झोके दिले नाहीत तोच शांत.

"माझ्या हातची गोधडी लाभली हो," असं म्हणून गप्प बसता आलं असतं. पण माझं टाळकंच सटकलं. "झोपणारच! ती बाजू यांच्या साडीची आहे. माझी बाजू आपली लोकांना दाखवायला!"

विहीणबाई पाळण्याची दोरी धरून उभ्या होत्या. त्यांचे डोळे भरून आले होते.

"ताई, उद्या तो तुमच्याकडे जाणार," त्या हळूच म्हणाल्या. "रोज तुम्हीच त्याला न्हाऊ घालणार, तुम्हीच झोपवणार. आमचं घर किती सुनं होईल सांगा. रात्रभर तुमच्यावर जळतेय मी. साडी तेवढी जाऊ दे हो त्याच्यासोबत."

माझ्यावर? माझ्यावर जळत होती ही बाई!

"अहो, येत जा ना त्याला बघायला," मी म्हटलं. अगदी मनापासून म्हटलं. आणि लगेच पुढे म्हणाले, "फक्त आधी फोन करा."