पार्सिपनी ते इथाका: मुलीला जुनी गाडी पोचवताना

गाडी घेतली तेव्हा तीन हजार दोनशे डॉलर दिले. मग बॅटरी एकशे ऐंशी, स्टार्टर चारशे दहा, पेट्रोलचा आतला पंप सहाशे चाळीस. म्हणजे चार हजार चारशे तीस, आणि त्यात बायकोचे टोमणे धरलेले नाहीत. एवढं करूनही गाडी कधीमधी अडायचीच. आठ-दहा वेळा पहिल्या झटक्यात सुरू व्हायची, आणि मध्येच एखाद्या दिवशी नुसतं घुर्र घुर्र.

हीच गाडी मुलीला द्यायला ऑक्टोबरातल्या एका शनिवारी सकाळी आम्ही पार्सिपनीहून इथाकाला निघालो. मुक्ता जनावरांची डॉक्टर झाली आहे. सोमवारी तिचा कामाचा पहिला दिवस होता, आणि काम म्हणजे गावोगावच्या गोठ्यांवर जायचं. तिने फोनवर एकच विचारलं होतं, "बाबा, ती स्टार्ट होते ना? एखादी गाय अडलेली असली आणि मी ड्राइव्हवेमध्येच बसलेय, असं नको हं."

"होते. थोडी युक्ती आहे. शिकवतो."

युक्ती अशी: ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबायचा, चावी फिरवून धरायची आणि इंजिन खोकलं की पाय हळूच उचलायचा. मी मूळचा संगमनेरचा. इथे एका शिलाई मशीनवर कपडे दुरुस्तीचं दुकान उभं केलं, पुढे ड्रायक्लीनिंग जोडलं. दोरा कुठे अडकलाय हे मला खोलीपलीकडून आवाजावरून कळतं. गाडीचं इंजिनही मी तसंच ऐकतो. "ही गाडी माझ्याशिवाय कोणाचं ऐकत नाही," हे मी येणाऱ्याजाणाऱ्या गिऱ्हाइकाला हौसेने सांगायचो.

जाणाऱ्यांसाठी रस्ता सांगतो. ऐंशी नंबरचा हायवे पश्चिमेला धरायचा. डेलावेअर नदी ओलांडताना थोडा टोल लागतो. मग स्क्रँटनवरून वर बिंगहॅम्टन, आणि तिथून हायवे सोडून छोट्या रस्त्यांनी इथाका. न थांबता चार तास, आमच्यासारखे असाल तर साडेपाच. ऑक्टोबरात डोंगर असे पेटलेले असतात की माझी बायको सुनंदासुद्धा फोन खाली ठेवून बाहेर बघत होती. स्क्रँटनच्या अलीकडे विश्रांतीच्या जागी बाकावर बसून धपाटे आणि दही खाल्लं. शेजारच्या बाकावर एक आजोबा बायकोला सांगत होते, "त्यांच्या डब्याचा वास बघ. आणि तू मला टर्कीचं सँडविच दिलंस." गाडी तिथून पहिल्या झटक्यात निघाली.

बिंगहॅम्टनला पेट्रोल भरलं. न्यू जर्सीकरांनो, हे ध्यानात ठेवा: आपल्याकडे पंपावरचा माणूस भरून देतो, बाकी सगळीकडे खाली उतरून स्वतः भरावं लागतं. पंप टक् करून बंद पडला तेव्हा आकडा होता अडतीस डॉलर चौसष्ट सेंट. मी थोडं थोडं दाबत चाळीसवर आणला.

"झाली का राउंड फिगर?" सुनंदा आतून म्हणाली.

"हिशोबाला बरं पडतं."

"संगमनेरला स्कूटरमध्येसुद्धा हेच करायचास."

चावी फिरवली. घुर्र घुर्र. युक्ती केली, तरी चौथ्यांदा सुरू झाली. मागे एक पिकअप थांबलेला होता. त्याचा चालक काच खाली करून शांतपणे म्हणाला, "सावकाश, काका. गायी काही पळून जात नाहीत." त्याच्या मागच्या ट्रेलरमध्ये गायीच होत्या.

मुक्ता एका जुन्या लाकडी घराच्या वरच्या मजल्यावर राहते. खाली घरमालक डेल, आयुष्यभर ट्रॅक्टर दुरुस्त केलेला माणूस. रविवारी सकाळी तिने आम्हाला तलावाजवळचा धबधबा दाखवला. पार्किंगचे थोडे पैसे पडतात, पण पाऊण मैल सपाट चाललं की उंच कड्यावरून पाणी थेट समोर पडताना दिसतं, गुडघे दुखणाऱ्यांनाही जमेल. गाडी त्या सकाळी तीनदा बंद केली आणि तिन्ही वेळा लगेच सुरू झाली. मी मुक्ताकडे बघून भुवया उडवल्या.

मुलीला अर्धवट टाकीची गाडी कशी द्यायची? म्हणून धबधब्याहून परतताना पुन्हा पेट्रोल भरलं, बरोब्बर दहा डॉलरचं. "आता तू कर सुरू," म्हटलं.

तिने युक्ती केली. दोनदा, तीनदा, पाचदा. इंजिन नुसतं खोकलं. तिने दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "बाबा, आय कान्ट टेक धिस. सॉरी. यू लव्ह इट, आय नो. पण उद्या मला जायचंच आहे."

मग मी बसलो आणि सहाव्या झटक्यात सुरू केली. त्याचं तेव्हा कोणालाच कौतुक नव्हतं.

अंगणात डेल पानं गोळा करत होता. आमचे चेहरे बघून त्याने विचारलं, "कधी अडते?"

"कधीही," मी म्हणालो, आणि आवाजावरून बॅटरी, स्टार्टर, पंप कसे ओळखून बदलले ते सविस्तर सांगू लागलो.

"कधीही नाही," सुनंदा मागून म्हणाली. "मी आजवर या गाडीत अडकून बसले ती दर वेळी पेट्रोल भरल्यावरच. देवळाबाहेर नाही, वाण्याकडे नाही, कुठ्ठेच नाही. मी सांगितलं होतं याला."

सांगितलं असेल. मी इंजिन ऐकत होतो.

डेलने पानं ओढायचा रेक झाडाला टेकवला. "भरता कसं?"

"पंप बंद पडल्यावर वर थोडं. पूर्ण आकडा येईपर्यंत. न्यू जर्सीत पंपावरच्या माणसालाही तेच सांगतो."

तो हसला नाही, हे त्याचे उपकार. म्हणाला, टक् झालं की टाकी भरली. त्यावर कोंबलेलं पेट्रोल वाफेसाठी ठेवलेल्या डब्यात शिरतं, तिथून इंजिनात नको तितकं जातं आणि इंजिन गुदमरतं. ती युक्ती म्हणजे तेच जास्तीचं पेट्रोल उडवायची रीत. "काही बदलू नका. पहिल्या टक् ला थांबा. डबा सुकू दे, महिनाभर बघा."

"मी तीन भाग बदलले."

"ते तिन्ही बहुतेक चांगले होते," डेल म्हणाला.

मुक्ता गाडीभोवती एक चक्कर मारून आली, जनावर तपासावं तशी. "ओके. पण उद्या सकाळी अडली तर डेलचा ट्रक घेणार." डेलने मान हलवली. आम्ही संध्याकाळच्या बसने न्यूयॉर्कला आणि तिथून दुसऱ्या बसने पार्सिपनीला आलो. दोघांचं मिळून दीडशे डॉलरच्या आत बसलं. बसमध्ये सुनंदा खिडकीशी झोपली आणि मी बराच वेळ इथाकातला तो रस्ता आठवत राहिलो, दोन्ही बाजूंना पिवळी झाडं आणि मधे कुठेच हॉर्न नाही.

हा प्रवास जरूर करा. गाडी जुनी असली तरी चालेल, आणि शेजारी बसलेलं माणूस काही सांगत असेल तर ऐका.

सहा आठवडे झाले. मुक्ता बर्फातसुद्धा पहाटे गोठ्यांवर जाते. तिने गाडीचा एकही भाग बदललेला नाही, माझी युक्ती एकदाही वापरलेली नाही, आणि गाडी रोज पहिल्या झटक्यात सुरू होते.