रस्त्यांखालची जहाजं

शारजातल्या आमच्या मुलांच्या शाळेत प्रोजेक्ट मुलांना मिळायचं आणि करायच्या आया. हे सगळ्यांना माहीत होतं, शिक्षकांनाही. एकीचा हात थर्माकोलवर चालायचा, दुसरीच्या नवऱ्याच्या ऑफिसात रंगीत प्रिंटर होता. मी एका इंजिनियरिंग कन्सल्टन्सीत ड्राफ्ट्समन होते, बाई असले तरी पदाचं नाव तेच. त्यामुळे माझ्या मुलीचे नकाशे शाळेत सर्वांत चांगले असत. त्याची मला कधी लाज वाटली नाही. एका प्रोजेक्टची मात्र वाटते, आणि त्यात माझ्या हाताने काढलेल्या रेघांचा काही दोष नव्हता.

नव्वदच्या दशकाचा शेवट होता, मुलगी नववीत. शाळेच्या वार्षिक प्रदर्शनाचा विषय होता जगातली बंदरं. जोड्या लावून चिठ्ठ्या काढल्या, त्यात माझ्या मुलीला आणि आमच्याच बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर राहणाऱ्या तिच्या वर्गमैत्रिणीला सॅन फ्रान्सिस्को आलं. एका लहानशा वस्तीचं एवढं मोठं शहर कसं झालं, ते दाखवायचं होतं.

खालचं कुटुंब दापोलीकडचं, मुसलमान. वडील हमरिया बंदरात मोठी जहाजं ओढणाऱ्या टगबोटीवर सारंग, म्हणजे खलाशांचे प्रमुख होते, दोन आठवडे पाण्यावर आणि मग काही दिवस घरी. आईची आणि माझी रोजची जा-ये. मी तिला भाभी म्हणायचे, ती मला ताई. मुलगी अबोल होती. वर्गात विचारलं तर उत्तर यायचं, पण इतकं हळू की शिक्षिका पुढच्या मुलीकडे वळलेली असायची.

चिठ्ठ्या निघाल्या त्याच आठवड्यात भाभी माझ्या स्वयंपाकघरात बसून कोळंबी सोलताना म्हणाली, "ताई, हे म्हणतात, पोरीला आता गावी पाठवू. तिच्या आत्याजवळ राहील, तिथल्या शाळेत जाईल. इथं राहून काय शिकते, काय कळत नाय. तोंडच उघडत नाय."

"मग तू काय म्हणालीस?"

"मी म्हटलं, प्रदर्शन आहे ना, तेवढं बघा. चार माणसांत उभी राहून बोलली तर ठेवा. नायतर मी पण काय बोलणार नाय."

"ठेवतील?"

"बोलली तर ठेवतील. शब्दाचा माणूस आहे."

म्हणजे मला माहीत होतं. ते आधीच सांगून टाकते, कारण पुढे बरेच दिवस मी स्वतःला वेगळंच सांगत होते.

कामाची पद्धत मी ठरवली. आमचं ऑफिस इंडस्ट्रियल एरियात, दोन गॅरेजांच्या मध्ये होतं आणि त्या वर्षी आमच्याकडे समुद्रात भर घालायचीच कामं जास्त होती. असल्या नकाशात किनाऱ्याची जुनी रेघ तुटक काढतात, नवी सलग. कॉम्प्युटर आल्यावर ट्रेसिंग पेपरची भेंडोळी अडगळीत पडली होती, त्यातलं एक मी साहेबांना विचारून घरी आणलं. पाच कागद एकावर एक. पहिल्यावर छोटी खाडी, मागे वाळूच्या टेकड्या आणि थोडी घरं. त्या वस्तीचं जुनं नावही तिथे उगवणाऱ्या रानपुदिन्यावरून पडलेलं. दुसऱ्यावर सोनं सापडल्यानंतरची गर्दी. तिसऱ्यावर धक्के आणि भराव. चौथ्यावर रस्ते. पाचव्यावर भूकंपानंतर नव्याने उभं राहिलेलं शहर आणि पूल. एकेक कागद खाली सोडत गेलं की शहर डोळ्यांसमोर वाढायचं.

मुली डायनिंग टेबलावर बसून रंग भरत होत्या. खालची मुलगी दुसरा आणि तिसरा कागद पुन्हापुन्हा वरखाली करून बघत होती.

"आंटी, ही जहाजं कुठे गेली?"

"कुठली?"

"ह्या कागदावर एवढी आहेत. पुढच्यावर एकपण नाही."

"बंदर आहे ते. जहाजं येतात, जातात."

"पण माणसं तर सोनं शोधायला पळाली ना? मग जहाजं कोणी नेली?"

मी म्हटलं, आधी टेकड्या रंगव. दुसऱ्या दिवशी तिने शाळेच्या लायब्ररीतून जाडजूड पुस्तक आणलं. खलाशी सोन्यामागे गेले, ओस पडलेली जहाजं खाडीत तशीच राहिली. मग लोकांनी काही किनाऱ्याला ओढून त्यांची गोदामं केली, काहींत खोल्या भाड्याने दिल्या, एकाचा तर तुरुंग केला. पाण्याखालच्या जमिनीचे प्लॉट विकले गेले, टेकड्यांची वाळू आणून खाडी भरली, आणि कितीतरी जहाजं होती तिथेच गाडली गेली. वर रस्ते झाले. इमारतींचे पाये खणताना त्यांचे सांगाडे अजून सापडतात.

त्याच सुमारास तिचे वडील घरी आले होते. तिने त्यांना विचारलं आणि वर येऊन आम्हाला सांगितलं.

"अब्बा म्हणतात, असले कसले खलाशी? सारंगाला टाकून पळाले? आमच्यात असं केलं असतं तर गावात तोंड दाखवता आलं नसतं."

माझी मुलगी म्हणाली, "गोल्ड असतं तर अंकलसुद्धा गेले असते."

"माझे अब्बा? त्यांना टगवरून घरी यायला सांग, तर म्हणतात दोरी कोण बघेल!"

दोघी खिदळल्या. मग ती म्हणाली, "आणि आमच्या गावच्या खाडीतला धक्कापण असाच आहे. आजोबांचं गलबत जुनं झालं, तेव्हा त्यात दगड भरून तिथेच बसवलं. त्याच्यावरून आता माणसं चालतात. अब्बांनी सांगितलं."

आणि तिनेच सुचवलं की दुसऱ्या कागदावरची ती जहाजं गडद लाल शाईने काढायची. ट्रेसिंग पेपर पारदर्शक. वर कितीही थर आले, रस्ते आले, तरी खालून जहाजं दिसत राहतील. वीस वर्षं नकाशे काढून मला हे सुचलं नव्हतं. मी ताबडतोब पेन घेतलं आणि जहाजं काढली. तिच्या हाताला सफाई नव्हती, माझ्या होती.

शिक्षिका आमच्या घरी कच्चं काम बघायला आल्या तेव्हा पाचवा थर खाली पडला आणि रस्त्यांच्या जाळ्यातून लाल जहाजं वर आली. त्या म्हणाल्या, "काय कल्पना आहे! मॅडम, ही तुमचीच असणार."

मी हसले. हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. दोन्ही मुली शेजारी उभ्या होत्या.

शाळेने कळवलं की परीक्षकांपुढे एकीनेच बोलायचं, दुसरीने मॉडेल दाखवायचं, वेळ पाच मिनिटं. मी घड्याळ लावून दोघींची तालीम घेतली. माझी मुलगी साडेचार मिनिटांत संपवायची, एकही शब्द न अडखळता. खालची मुलगी सुरुवातीला अडकायची, 'द सिटी' म्हणून थांबायची, बोटं मोडायची. मग जहाजांपाशी आली की हातातला कागद खाली ठेवून बोलायला लागायची, इंग्रजी चुकायचं, पण आवाज मोठा व्हायचा आणि थांबायची नाही. आठ मिनिटं. मी कापून कापून भाषण सहावर आणलं.

अजून तीन दिवस दिले असते तर पाचवर आलं असतं. मी दिले नाहीत. म्हटलं, "वेळेचा प्रश्न आहे. ही बोलेल, तू कागद सोड. कागद सोडणंही महत्त्वाचं आहे, सरळ पडले पाहिजेत."

"ओके आंटी," ती म्हणाली.

खाली जाऊन तिने घरी काय सांगितलं, मी विचारलं नाही. भाभीही वर येऊन काही बोलली नाही. तिच्या जागी मी असते तर भांडले असते.

प्रदर्शनाच्या दिवशी खालच्या मुलीचे वडील आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, पायांत नवे बूट, सवय नसल्याने जपून टाकलेली पावलं. टेबलापासून थोडे दूर, हात मागे बांधून उभे राहिले. माझी मुलगी बोलली, छान बोलली. खालची मुलगी कागद सोडत होती, एकही तिरका पडला नाही. परीक्षकांनी विचारलं, जहाजांची कल्पना कोणाची? माझी मुलगी म्हणाली, "आमची." चौदा वर्षांच्या मुलीने यापेक्षा काय म्हणावं? पुढे बोलायचं काम माझं होतं.

पहिला नंबर आला. शिक्षिका माझा हात धरून अभिनंदन करत होत्या, तेवढ्यात खालच्या मुलीचे वडील जवळ आले.

"ताई," त्यांनी विचारलं, "ह्यात आमच्या पोरीचं काय?"

सरळ प्रश्न होता. सरळ उत्तरही होतं, चार वाक्यांचं. पण शिक्षिका ऐकत होत्या, त्यांच्यापुढे मला आधीचं हसू मागे घ्यावं लागलं असतं. मी म्हटलं, "तिने खूप मदत केली हो."

"मदत," ते म्हणाले. मान हलवली. "बरं."

त्यांची मुलगी कागदांच्या कडा जुळवत होती. तिने वर पाहिलं नाही.

परीक्षा संपल्या आणि भाभीने सांगितलं की पोरीचं तिकीट काढलंय, पंधरा दिवसांनी जाणार. मी त्याच संध्याकाळी खाली गेले. मुलीचे वडील घरी होते, भाभी चहा ठेवत होती. बसायच्या आधीच मी सगळं सांगितलं. जहाजं तिची, ती कागदातून दिसावीत ही युक्ती तिची, बोलायला तिला मी दिलं नाही, आणि तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं नाही पण खरंही बोलले नाही.

त्यांनी मला खुर्ची पुढे केली. मग म्हणाले, "ताई, मी तर तवाच विचारलं होतं तुमाला."

"हो."

"आता तुमी शेजारीण म्हणून आलात. पोरीची कीव आली म्हणून बोलताय, असं मला वाटणारच. टीचर बोलल्या तर गोष्ट वेगळी. त्यांना काय तिची पडलेली नाय, त्या खरं बोलतील."

मुलगी आतल्या दारात उभी होती, कधी आली ते कळलं नाही. म्हणाली, "आंटी, विल यू टेल मिस?"

"सांगते," मी म्हटलं. "उद्याच."

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून तासाभराची रजा घेऊन शाळेत गेले. शिक्षिका प्रगतिपुस्तकांचे गठ्ठे बांधत होत्या. मला बघून खूश झाल्या. "बरं झालं आलात. पुढच्या वर्षीच्या आंतरशालेय स्पर्धेला मी तुमच्या मुलीचं नाव दिलंय. त्या पोर्ट प्रोजेक्टमुळेच. अशी नवी दृष्टी मुलांमध्ये फार कमी दिसते."

मी खुर्चीत बसले. त्यांनी पाणी मागवलं. मी पाणी प्यायले. त्यांचे आभार मानले आणि सुट्टीत गावी जाणार का, असं विचारलं. त्या केरळला जाणार होत्या. मी म्हटलं, तिथे पाऊस सुरू झाला असेल. मग उठले.

माझ्या मुलीचं नाव कापलं गेलं असतं का? बहुतेक नाही. शिक्षिका चांगल्या होत्या, फार तर दोघींची नावं दिली असती. हा हिशेब मला तिथे बसल्याबसल्याही कळत होता. तरी बोलले नाही. कारण शोधायला गेले तर एवढंच हाती लागतं की मला त्या बाईंसमोर लहान व्हायचं नव्हतं.

बिल्डिंगमध्ये शिरताना भाभी जिन्यातच भेटली. वाटच बघत असावी.

"भेटल्या टीचर?"

"नाही ग," मी म्हटलं. "शाळा बंद झालीये. सगळे गेले."

ती क्षणभर माझ्याकडे बघत राहिली. तिचा धाकटा मुलगा त्याच शाळेत होता आणि त्या दिवशीही युनिफॉर्म घालून बसने गेला होता.

"बरं," ती म्हणाली. "खलास. नशिबात नव्हतं म्हणायचं." आणि मला वर जायला वाट द्यायला भिंतीला टेकून उभी राहिली.